संशयावरून चोराला पकडून कोंडून ठेवण्याचा अधिकार सोसायटीला आहे का?

तुम्ही लिहिलेल्या प्रसंगात तरी नाही. सायकल रात्री गेली, सकाळी कुणीतरी सीसीटीव्ही पाहून डिलिव्हरीच्या मुलाकडे बोट दाखवलं आणि तो संध्याकाळी पार्सल घेऊन आला तेव्हा वॉचमनने त्याला केबिनमध्ये कोंडलं, आणि त्याच्याकडून चोरीची कबुलीही लिहून घेतली गेली. मी फौजदारी वकिली करतो, आणि माझ्या मते यात गुन्हा त्या मुलाचा सिद्ध होईल न होईल, पण कोंडणाऱ्यांचा नक्कीच होऊ शकतो.

सामान्य माणसाला अटकेचा अधिकार आहे, हे खरं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तो देतं. १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३ होतं. पण गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा, आणि तो दखलपात्रही हवा (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्रही (म्हणजे ज्यात जामीन हक्क म्हणून मिळत नाही). (न्यायालयाने फरारी म्हणून जाहीर केलेला आरोपी सापडला तर मात्र त्याला धरता येतं.) फुटेज पाहून आलेला संशय यात बसत नाही. साधी मारहाण तुमच्यासमोर झाली तरी बसत नाही, कारण तो गुन्हा अदखलपात्र आहे. गळ्यातली साखळी तुमच्यासमोर हिसकावली, तर बसतं.

धरल्यावर त्याला विनाविलंब पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, फार तर सहा तासांत. ही सहा तासांची मर्यादा नव्या कायद्यात आली, आणि लोक तिचा अर्थ ‘सहा तास आपल्या हातात’ असा घेतात. तसं नाही. पोलीस चौकी कोपऱ्यावर असेल तर दोन तास बसवून ठेवणंही अंगाशी येईल. ११२ ला फोन करा, वेळ लिहून ठेवा, कोणी पाहिलं त्यांची नावं टिपा. त्याचा मोबाइल, बॅग उघडू नका. पोलिसांना अटकेचं पुरेसं कारण दिसलं नाही तर ते त्याला सोडतील. तेव्हा गेटवर गर्दी करून अडवू नका.

हात उचलायचा अधिकार तर मुळीच नाही. पळून जाऊ नये इतकंच बळ वापरता येतं. तो शांत बसला की तेही संपलं. खांबाला बांधणं, शर्ट काढून व्हिडिओ करणं हे मला पाहवत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भटक्या समाजातल्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. तिथेही सुरुवात संशयापासूनच झाली होती.

आता तुमच्या सोसायटीने काय करावं? फुटेज पोलिसांना देऊन सायकलचोरीची फिर्याद द्या. त्या मुलाकडून लिहून घेतलेली कबुली फाडून टाकू नका, तीही पोलिसांकडे द्या. दबावाखाली घेतलेली असल्याने ती न्यायालयात टिकणार नाही, पण नष्ट केलीत तर अडचण वाढेल. बेकायदा कोंडून ठेवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याने तक्रार केली तर एकट्या वॉचमनला पुढे करू नका. कोंडायला सांगणारेही तितकेच जबाबदार आहेत.