पहिली टुर्नामेंट हरून आलात, आता आधी काय बघायचं

तुझा प्रश्न वाचला. मुंबईत अल्टिमेट फ्रिस्बीच्या दोन दिवसांत पाच मॅच, त्यातली एक जिंकली, आणि आता टीममध्ये दोन गट पडलेत, एक म्हणतो झोन डिफेन्स (माणसाऐवजी जागा राखणं) शिकू आणि दुसरा म्हणतो लांब फेकणारा कोणीतरी तयार करू. माझं मत विचारशील तर दोन्ही सध्या बाजूला ठेवा. तूच लिहिलंयस की स्टॉल (डिस्क हातात असताना समोरचा दहापर्यंत मोजतो तो काउंट, त्याच्या आत डिस्क सोडायची) सात-आठवर गेला की डिस्क कुठेतरी भिरकावून द्यावी लागायची. मॅच तिथेच गेल्यात, झोन नव्हता म्हणून नाही.

प्रॅक्टिसला हे दिसतच नाही ना. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटवाले यायच्या आत कसेबसे चौदा जण जमवायचे, मार्क करणारा (थ्रोअरसमोर उभं राहून मोजणारा) आपलाच दोस्त, काउंट अर्धा मनात अर्धा तोंडात, सहावर आला की कोणीतरी हसतं आणि डिस्क आरामात सुटते. टुर्नामेंटला समोरचा जेमतेम डिस्कच्या रुंदीएवढं अंतर सोडून उभा असतो, फोर्स (थ्रोची एक बाजू अडवून धरणं) सोडत नाही आणि १० पर्यंत मोजतो म्हणजे मोजतोच. मग आपला थ्रोअर काय करतो, कोणीतरी मोकळा होईल या आशेवर सातपर्यंत पुढेच बघत बसतो, आठला घाबरून डंपकडे, म्हणजे मागे सोप्या पाससाठी थांबलेल्याकडे, वळतो आणि तोवर डंपवाला पण मॅच बघत उभा. पाचला वळायचं. नुसती मान नाही, कंबरेतून पूर्ण वळायचं, म्हणजे डंपवाल्याला कळतं की आता आपली पाळी. त्याने त्याच क्षणी निघायचं, एक तर कडेची लाइन धरून पुढे नाहीतर सरळ मागे, दोन्हीचं अर्धं अर्धं नाटक करत जागेवर नाचायचं नाही. दर प्रॅक्टिसला पंधरा मिनिटं फक्त एवढंच करा, मार्कर खराखुरा, काउंट चारपासून चालू आणि मोठ्याने. पोरं कुरकुर करतील, करू देत.

आणि समोरचा घाईघाईत मोजत असेल तर गप्प बसू नका, ‘फास्ट काउंट’ म्हणा. दोन आकड्यांमध्ये निदान एक सेकंद पाहिजे, आणि कॉल झाला की त्याला एक आकडा मागे येऊन मोजावं लागतं. अल्टिमेटमध्ये रेफ्री नसतो, आपण बोललो नाही तर आपल्यासाठी कोणी बोलणार नाहीये. तुमच्यातल्या किती जणांना हा कॉल माहीत होता, खरं सांग.

वाऱ्याबद्दल तू एकाच वाक्यात उरकलंस, पण रविवारी दुपारची जी मॅच तू ‘काहीच जमलं नाही’ म्हणून सोडून दिलीस ती मला वाऱ्याची वाटते. आपल्याकडे सहा-सातला हवा पडलेली असते, त्यात सगळ्यांचा फोरहँड छान जातो आणि सगळे खुश. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तोच फोरहँड वर उचलला जातो आणि लटकतो, मग डिफेन्सवाल्याला खाली उभं राहून झेलायला निवांत वेळ. समोरून वारा असेल तर डिस्कची पुढची कड जरा खाली, स्पिन भरपूर, आणि उगाच ताकद लावायची नाही. पाठीमागून वारा असेल तर डिस्क लवकर बसते, तेव्हा कड थोडी वर. जोराच्या वाऱ्यात बरेचसे गोल वाऱ्याच्या दिशेनेच होतात, त्यामुळे उलट्या बाजूला कोणी एखादा जरी काढला तरी मॅच फिरते. त्या मॅचमधले गोल कुठल्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाचा पट्टा, जिथे डिस्क झेलली की गोल) झाले ते आठवून बघ, सगळं लक्षात येईल. महिन्यातून एखादी प्रॅक्टिस मुद्दाम दुपारी ठेवा, ऊन लागेल पण इलाज नाही.

आता जे लिहितोय त्यावर काही जण चिडतील. व्हिडिओ आहे म्हणालास ना, मग एकच मॅच लावा आणि प्रत्येक पॉइंटला मुलींच्या हातात डिस्क किती वेळा आली तेवढंच मोजा. मिक्स्डमध्ये मैदानावर चार-तीन असतात, म्हणजे निदान तिघी प्रत्येक पॉइंटला आहेतच. नव्या टीममध्ये नेहमी दिसतं की मुलगी तीन पावलं मोकळी पळतेय, हात वर आहे, आणि हँडलर (मागून डिस्क खेळवणारा) तिच्या डोक्यावरून गर्दीत अडकलेल्या मित्राला हॅमर, म्हणजे डोक्यावरून उलटी फेक, मारतोय. समोरच्या टीमला हे दोन पॉइंटमध्ये कळतं, मग ते तिला मोकळं सोडून तिचा डिफेंडर मध्ये उभा करतात आणि तुम्ही पाच-सहा जणांत खेळत बसता. यावर भाषण देऊ नकोस, कोणी ऐकत नाही. प्रॅक्टिस गेमला नियम लावून टाक की गोलच्या आधीच्या दोन पासमधला एक तरी मुलीकडे गेला पाहिजे.

सबचं, म्हणजे बदली खेळाडूंचं, थोडक्यात. चौथ्या-पाचव्या मॅचला पाय उरले नाहीत, कारण शनिवारी चांगले सात जण उतरवून ठेवले होतेत. इंज्युरी सोडली तर बदल पॉइंट संपल्यावरच करता येतो, त्यामुळे लाइन (त्या पॉइंटला उतरणारे सात जण) आधी ठरवून साइडलाइनला एकाच्या हातात कागद द्या, आणि त्या माणसाने त्या पॉइंटला खेळायचं नाही.

स्पिरिटमध्ये (खिलाडूवृत्तीसाठी समोरची टीम देते ते मार्क) एका मॅचला २० पैकी ९ आले म्हणून सगळे नाराज आहेत असं दिसतंय. अरे, हे बोर्डाचे मार्क नाहीत. नियमांची माहिती, फाउल आणि शरीराचा संपर्क, न्यायबुद्धी, वागणं आणि संवाद असे पाच मुद्दे, प्रत्येकी ० ते ४, आणि २ म्हणजे नेहमीसारखं चांगलं. म्हणजे १० हा नॉर्मल स्कोर. ९ आले म्हणजे बहुतेक एका मुद्द्यात १ मिळालाय, आणि माझा अंदाज पहिल्याच मुद्द्याचा आहे, कारण पिक (डिफेंडरची वाट दुसऱ्या खेळाडूमुळे अडणं) आणि फाउलमधला फरक तुमच्या पोरांना वादाच्या वेळी सांगता आला नाही असं तूच लिहिलंस. आयोजकांकडून शीट मागवून घे. त्या टीमच्या स्पिरिट कॅप्टनला मेसेज टाकून थेट विचारलंस तरी चालेल, लोक मनमोकळं सांगतात, कोणी वाईट वाटून घेत नाही. नियम वर्ल्ड फ्लाइंग डिस्क फेडरेशनच्या साइटवर फुकट आहेत, पुढच्या वेळी प्रॅक्टिसनंतर मिसळ खाताना दोन-दोन कलमं वाचायची पाळी लावा. झोनचं नंतर बघू, आधी रिसेटचं, म्हणजे या डंपच्या पासचं, कसं चाललंय ते महिनाभराने इथेच लिही.