पहिला हिरा घेताना क्लॅरिटी कशी बघायची

भावा, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, हिरा बघायला जाणार असशील तर आधी एवढं लक्षात घे, क्लॅरिटी, म्हणजे हिरा किती स्वच्छ हाय ते, ठरते ती 10 पट मोठं दाखवणाऱ्या लूपखाली, म्हणजे सराफाच्या छोट्या भिंगाखाली, नुसत्या डोळ्यानं नाय. आत डाग किती एवढंच बघत नाहीत, केवढा, कुठं, कसला आणि किती उठून दिसतोय हे पण धरतात, म्हणजे मधोमध टेबलखाली (हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूखाली) काळा ठिपका असंल तर खटकतोय, तोच कडेला असंल तर प्रॉंगखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखीखाली) झाकला जातो. फेदर कडेपर्यंत आलेलं असंल तर मात्र लई जपून, ती बारीक चीर असते, सेटिंग करताना दाब पडला तर तिथनं टवका उडू शकतो. व्हीव्हीएसच्या (लई बारीक डाग असलेल्या वरच्या ग्रेडच्या) मागं लागू नको, त्याखालची व्हीएस2 पण बहुतेक वेळा डोळ्याला स्वच्छच दिसतोय. एसआय, म्हणजे व्हीएसच्या खालची ग्रेड, घेणार असशील तर दुकानातल्या स्पॉटलाइटमधनं दाराशी आणून साध्या उजेडात बघ.