मुलीला सिरॅमिक्समध्ये संशोधन करायचे आहे

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचे पत्र आले आहे. घरचे सहा यंत्रमाग आहेत. मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मटेरियल सायन्समध्ये एम.एस्सी. करून पुढे सिरॅमिक्सवर पीएच.डी. करण्याचा तिचा हट्ट आहे. वडील विचारतात : कपबशा आणि फरश्या यांत संशोधन ते काय करायचे? त्यातून पोट भरेल का? भट्टीजवळचे काम मुलीला झेपेल का? त्यापेक्षा बी.एड. करून शाळेत लागणे बरे नाही का?

सादर नमस्कार.

आपली काळजी रास्त आहे, पण निर्णय घेण्यापूर्वी हा विषय नेमका कशाचा आहे हे आपण जवळून पाहावे, आणि त्यासाठी आपल्याला घराबाहेरही जावे लागणार नाही. ताणा काढताना सूत ज्या पांढऱ्या गुळगुळीत कडीतून सरकत जाते, ती कडी हातात घेऊन पाहा. तिथे साधे लोखंड बसवले तर घासून घासून सूतच लोखंडाला खाच पाडते आणि त्या खाचेत अडकून दोरा तुटू लागतो. चांगल्या प्रतीची कडी अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची असते, आणि हा पदार्थ सिरॅमिकच होय. कठीणपणाच्या मोह मापात त्याचा क्रमांक ९ आहे आणि १० वर हिरा आहे. हा पदार्थ २००० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो, त्यामुळे तो बिडासारखा वितळवून साच्यात ओतणे परवडत नाही. त्याची बारीक पूड दाबून आकार देतात आणि वितळणबिंदूच्या बरेच खाली इतकी तापवतात की कण एकमेकांना जुळून येतात व मधल्या पोकळ्या बुजत जातात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. सिरॅमिक्सचा अभ्यास बहुतांशी या एका क्रियेवर ताबा मिळवण्याचा अभ्यास आहे.

कपबशी हे या घराण्यातील सर्वांत जुने भावंड आहे, पण एकमेव नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातील गॅस लायटरचा खटका दाबल्यावर जी ठिणगी पडते, ती आतील शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडच्या तुकड्यावर आघात होऊन निर्माण झालेल्या विजेची असते. लाउडस्पीकरमधील काळे चुंबक म्हणजे फेराइट, हे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनलेले सिरॅमिक; वीजवाहिन्यांना आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरमधील चकत्या झिंक ऑक्साइडच्या आणि दंतवैद्य बसवतात त्या पांढऱ्या कॅप बहुधा झिर्कोनियाच्या, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडच्या असतात. लायटरमधल्या पदार्थात शिसे असल्यामुळे त्याला बिनशिशाचा पर्याय शोधण्याचे काम जगभर चालू आहे, आणि ते अजून संपलेले नाही.

आता प्रयोगशाळेतील दिवस कसा जातो ते सांगतो, कारण विद्यार्थ्यांचा सर्वाधिक भ्रमनिरास इथेच होतो. समजा बेरियम टायटनेट हे विद्युत उपकरणांत लागणारे सिरॅमिक करायचे आहे. बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचे चोख वजन करून ती पूड अगेट या कठीण दगडाच्या खलात तासन्‌तास घोटायची, सुमारे ११०० अंशांवर भाजायची आणि पुन्हा घोटायची. मग तीत कण धरून ठेवणाऱ्या बाइंडरचे थेंब घालून, डायमध्ये म्हणजे साच्यात भरून, हायड्रॉलिक प्रेसखाली शर्टाच्या बटणाएवढी चकती, म्हणजे पेलेट पाडायची आणि ती सुमारे १३०० अंशांपर्यंत फर्नेसमध्ये ठेवायची. तापमान घाईने वाढवले तर जळणाऱ्या बाइंडरचा वायू वाट काढताना पेलेटला तडा देतो आणि आठवड्याचे काम पाण्यात जाते. मधेच वीज गेली तरी तेच. पेलेट चांगली उतरली की एक्सआरडी या क्ष-किरणांच्या यंत्रावर तिची स्फटिकरचना पाहायची आणि तापमान वाढवत तिचे विद्युत गुणधर्म मोजायचे. सुमारे १२० अंशांजवळ आलेखाने एकदम शिखर गाठले की पदार्थ मनासारखा झाला असे समजायचे. ज्याला सूत तुटल्यावर न चिडता गाठ मारून पुन्हा माग सुरू करता येतो, त्याच्या अंगी या कामाला लागणारा मुख्य गुण आधीच असतो, आणि आपली मुलगी अशाच घरात वाढली आहे.

भट्टीची भीती मात्र मनातून काढून टाकावी. प्रयोगशाळेतील मफल फर्नेस विजेवर चालते, कपाटाएवढी किंवा त्याहून लहान असते आणि तापमान कंट्रोलरवर आधीच ठरवून देता येते. खरी काळजी घ्यायची ती बारीक पुडीची, विशेषतः शिशाच्या ऑक्साइडची. मास्क, हातमोजे आणि धूर-वाफा ओढून घेणारे फ्यूम हूड यांबाबत ज्या प्रयोगशाळेत हयगय होते, तिथे मुलीने काम करू नये, मग मार्गदर्शक कितीही नामांकित असोत.

एम.एस्सी.साठी सोलापूर सोडलेच पाहिजे असे नाही. केगावच्या आपल्या विद्यापीठात, म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला मटेरियल सायन्स हे विशेषीकरण आहे. २००४ पूर्वी आपली महाविद्यालये ज्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, तिथे फेराइट आणि पदार्थांचे पातळ थर (थिन फिल्म) यांवरील संशोधनाची जुनी परंपरा आहे. एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचे असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि तिचा अर्ज शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच भरावा लागतो. वाराणसीच्या आयआयटी बीएचयूमध्ये किंवा राउरकेल्याच्या एनआयटीत सिरॅमिक अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग आहेत. त्यांच्या बी.टेक.चा मार्ग बारावीनंतरचा असला, तरी एम.एस्सी.नंतर गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन मटेरियल्सच्या एम.टेक.चा विचार करता येतो.

पोटापाण्याविषयी स्पष्टच लिहितो. ‘सिरॅमिक शास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात सोलापुरात निघणार नाही. एम.एस्सी.वर थांबल्यास टाइल्स, इन्सुलेटर, रिफ्रॅक्टरी म्हणजे भट्टीच्या उष्णतेला टिकणाऱ्या विटा किंवा इलेक्ट्रॉनिक घटक बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलच्या जागा मिळू शकतात, पण त्यासाठी गुजरातेत मोरबीपर्यंत किंवा निदान पुण्यापर्यंत जाण्याची तयारी हवी आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. संशोधनाची दारे वेगळी आहेत : कोलकात्याची १९५० साली स्थापन झालेली केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था, पुण्याचे सी-मेट हे इलेक्ट्रॉनिक पदार्थांवरील संशोधन केंद्र आणि त्याची त्रिशूरची शाखा, आणि आपल्याला रेल्वेने जवळ असलेल्या हैदराबादची एआरसीआय ही धातूंच्या पुडी व नवे पदार्थ यांवरील संशोधन संस्था. तिथे पोहोचायचे तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळवणे हा सर्वांत भक्कम रस्ता आहे. २०२३ पासून ही पाठ्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. प्रवर्गानुसार महाज्योती, बार्टी आणि सारथी या राज्य शासनाच्या संस्थांच्याही संशोधन अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जागा व अटी बदलत असतात, म्हणून जात वैधता प्रमाणपत्रासारखी कागदपत्रे आताच काढून ठेवावीत.

यावरून माझे मत असे झाले आहे की मुलीने एम.एस्सी. अवश्य करावे, पण पीएच.डी.चे वचन आज कोणालाही देऊ नये. शेवटच्या वर्षातील प्रकल्पात तिने स्वतः पेलेट पाडावी, दोन-चार तडकू द्याव्यात, आणि त्यानंतरही तिला पुन्हा प्रयोगशाळेकडे जावेसे वाटते का हे पाहून ठरवावे. पाठ्यवृत्ती नसेल तर पीएच.डी.ला प्रवेश घेऊ नये, या मताशी मी ठाम आहे. घरच्या पैशांवर सुरू केलेले संशोधन तिसऱ्या-चौथ्या वर्षी अडखळते, आणि तोपर्यंत मुलांनी बरेच काही मागे सोडलेले असते. बी.एड.चा पर्याय एम.एस्सी.नंतरही खुला राहतो, म्हणून भीतीपोटी तो आज निवडण्याचे कारण नाही.

येत्या पंधरवड्यात आपण दोघांनी केगावला जाऊन यावे. विभागात फर्नेस किती अंशांपर्यंत जाते, एक्सआरडी विभागातच होते की नमुने बाहेर पाठवावे लागतात, मोजमापासाठी पाळी किती दिवसांनी येते, हे तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांनाच विचारावे. पदवीच्या नावापेक्षा या उत्तरांवर तिची पुढची वर्षे अधिक अवलंबून आहेत. जाताना मागावरची एखादी फुटलेली कडी सोबत न्यावी आणि तिची फुटलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्याची विनंती करावी. आपणही पाहावी.