गिंको, जिंको आणि बदकाचा पाय

शरद ऋतूत पिवळ्याधमक होणाऱ्या चिनी वृक्षाचे नाव मराठीत 'जिंको' लिहावे की 'गिंको', आणि त्या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न आला आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते: गिंको. इंग्रजीत 'जी'पुढे 'आय' आला की 'ज' म्हणायचे, या अर्धवट नियमाच्या बळावर स्मरणशक्तीच्या गोळ्यांविषयी बोलणारी मंडळी सर्रास 'जिंको बिलोबा' म्हणतात. मूळ जपानीत 'गि' आहे, इंग्रजांच्या तोंडीही 'गि'च आहे. मग हा 'जि' आणला कोठून, हे त्यांनाच ठाऊक.

अर्थ सर्वांना माहीत असलेलाच आहे: चिनी 'यिनशिंग', म्हणजे रुपेरी जर्दाळू, आणि त्याच चिन्हांचे एक जपानी वाचन 'गिन्क्यो'. जपानमध्ये राहून आलेला जर्मन वैद्य एंगेलबर्ट केंफर याने १७१२ साली ते छापताना 'क्यो'च्या जागी 'क' आणि 'ग' ही अक्षरे एकापुढे एक ठेवली (Ginkgo), आणि १७७१ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा लिनीअस याने तेच उचलून कायम केले. याला मुद्रणदोष म्हणून मोकळे होणाऱ्या कोशकारांशी माझे जमत नाही. केंफर उत्तर जर्मनीतील लेम्गोचा, आणि तिकडच्या बोलींत 'ग'चा उच्चार 'य'कडे झुकतो. त्याने कानाला पडले ते आपल्या सवयीने लिहिले, हे काही अभ्यासकांचे म्हणणे मला अधिक पटते. खिळे जुळवणाऱ्या बिचाऱ्यावर आळ घेणे सोपे असते, एवढेच.

पण खरी गंमत दुसऱ्याच नावात आहे. रुपेरी जर्दाळू हे दरबारी नाव. अकराव्या शतकातील चिनी कवी ओउयांग शिऊ सांगतो की दक्षिणेत या झाडाला 'बदकाचा पाय' म्हणत, आणि त्याच्या बिया नजराणा म्हणून राजधानीत जाऊ लागल्यावर त्यांना रुपेरी जर्दाळूचा मान मिळाला. जपानी लोक आजही झाडाला 'इचो' म्हणतात, तो शब्द या चिनी 'बदकाच्या पाया'चाच अपभ्रंश मानला जातो. पान हातात घेतले की नाव पटते: देठापासून पंख्यासारखे पसरलेले, मधोमध चीर गेलेले, मध्यशीर मुळीच नाही, आणि प्रत्येक शीर पुढे दुभंगत कडेपर्यंत गेलेली. बोटांमध्ये पडदा असलेला पाय तो हाच.

आता आपल्याकडे पाहा. असल्याच पंखाकृती पानांच्या एका नेच्याला संस्कृतात 'हंसपदी' म्हणतात. मराठीत त्याच जातकुळीच्या नेच्यांना हंसराज हे नाव आहे. (येथील हंस नीरक्षीरविवेकवाला नसून साधा पाणपक्षी समजावा.) एका भाषेने दुसरीकडून उसने घेतले, असे मी म्हणत नाही, दोन भाषांनी एकाच आकारात एकाच पक्ष्याचे पाऊल पाहिले, हे मला अधिक सुंदर वाटते. आणि केंफरने या झाडाचे वर्णन काय केले होते? 'हंसराजाच्या पानासारखे पान असलेला, कवचबिया देणारा वृक्ष'! १७९७ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाला 'गिंको' हे नाव रानटी वाटले, म्हणून त्याने नवे दिले, त्यातील जातिवाचक शब्दाचा अर्थही 'हंसराजपर्णी' असाच होतो. इंग्रजीतले लौकिक नावसुद्धा याच नेच्यावरून पडले आहे. इतके पुरावे असताना आपले भाषांतरकार 'चांदीचा जर्दाळू' लिहितात, तेव्हा वाईट वाटते. कारण हे झाड जर्दाळूचे कोणीही लागत नाही. ते अनावृतबीजी आहे, म्हणजे त्याला फळ येतच नाही, आणि ज्याला गर समजतात ते बियांचे मांसल बाह्यावरण पिकले की शिळ्या लोण्यासारखे घाणेरते.

स्मिथचे नाव अग्रक्रमाच्या नियमाने, म्हणजे आधी दिलेले शास्त्रीय नावच ग्राह्य धरायचे या नियमाने, बाद झाले आणि लिनीअसचे टिकले. तो नियम मराठीला लागू नसल्यामुळे मी 'हंसपदी वृक्ष' असे लिहितो आणि वाचकाच्या सोयीसाठी पुढे कंसात 'गिंको' देतो, 'जिंको' नव्हे.