‘काही कळलं का?’ असं विचारणाऱ्यांजवळ बसताना

ठाणे, नोव्हेंबर २०२५

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र परवा वाचलं, काल चष्मा पुसून पुन्हा वाचलं. प्लेसमेंट नेमकी लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये मिळाली म्हणतेस. लॅटिमर रोड स्टेशनला उतरलं की २०१७ च्या आगीत जळलेला ग्रेनफेल टॉवर समोरच दिसतो, हे मला आठवतंय. आता तो पांढऱ्या आच्छादनात आहे आणि सप्टेंबरपासून वरून एकेक मजला उतरवायचं काम सुरू झालंय, असं वाचलं. तिथल्या माणसांमध्ये या पाडकामावरून एकमत नाही. तू त्यात मत देऊ नकोस, ऐक फक्त.

तुझा प्रश्न असा : उद्या असंच काही घडलं, बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांच्या केंद्रावर मला बसवलं, आणि माझ्याकडे काहीच माहिती नसेल, तर मी त्यांना काय सांगू?

तू माझ्या हाताखाली वॉर्डात होतीस तेव्हा एक गोष्ट तुला मी सांगितली नव्हती. लाज वाटायची. नोकरीतलं माझं तिसरं-चौथं वर्ष. पहाटे एका उंच इमारतीला आग लागली, जखमींना तीन-चार हॉस्पिटलांत नेलं, काही आमच्याकडे आले. एक गृहस्थ अपघात विभागाच्या दाराशी उभे होते. पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी सापडत नव्हती. मी त्यांना म्हटलं, “काका, काळजी करू नका, सापडेल.” आपण सगळे म्हणतो तसंच. पण त्यांनी ते शब्द धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, आणि दर वेळी माझ्याकडेच. “बाई, तुम्ही म्हणाला होतात.” ती मुलगी पहिल्याच रात्री दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या शवागारात ‘अनोळखी स्त्री’ म्हणून नोंदली गेली होती. शवागाराकडे ते गेलेच नाहीत, कारण मी सापडेल म्हटलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ड्यूटीवर मी ‘काळजी करू नका’ हे शब्द तोंडातून काढले नाहीत.

योगायोग असा, की जून २०१७ मध्ये मी लंडनमध्येच होते. धाकटीच्या बाळंतपणाला गेले होते, ती अ‍ॅक्टनला राहायची. १४ जूनच्या सकाळी टीव्ही लावला तर ग्रेनफेलची चोवीस मजली इमारत अजून जळत होती. चार-पाच दिवसांनी जावई म्हणाले, आई, तिथे कपडे निवडायला माणसं हवीत, येता का? गेले. वेस्टवेच्या पुलाखाली, चर्चच्या कुंपणावर, भिंतींवर, टेलिफोनच्या खोक्यांवर फोटो लावलेले. लग्नातले, शाळेतले, पासपोर्टवरचे. खाली नाव, मजला, फोन नंबर. पाऊस लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेले. मदतकेंद्राच्या आतमध्ये दानात आलेल्या कपड्यांचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे ढीग छताला टेकायला आले होते. पण एक बाई हातात फोटो घेऊन एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होती आणि तिला उत्तर देणारं टेबल काही सापडत नव्हतं. ढिगात तोंड खुपसून मी लहान मुलांचे स्वेटर निवडत राहिले. मला धड इंग्रजीत सांत्वन जमत नव्हतं, हे एक कारण. दुसरं, मला ते दोन वेगळ्या चपलांचे काका दिसत होते.

पुढे या आगीच्या चौकशी समितीने २०२४ च्या अहवालात तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, त्या दिवसांतल्या कारभाराला गोंधळलेला, संथ आणि तुटक म्हटलं. पैसा होता, वस्तू होत्या, स्वयंसेवक तर ओसंडून वाहत होते. एवढं सगळं असून लोक हॉस्पिटल, चर्च, मशीद, क्रीडा केंद्र अशा फेऱ्या मारत होते. मृतांचा आकडा टीव्हीवरून कळायचा : पहिल्या दिवशी १२, मग १७, मग ३०, मग ५८, १९ जूनला ७९. भिंतीवर ज्याचा फोटो आहे तो आजच्या आकड्यात आहे की नाही, हे मात्र कोणी सांगायचं नाही. आता कल्पना कर, तुझा भाऊ बाविसाव्या मजल्यावर आहे आणि आकडा रोज त्याच्या दिशेने सरकतोय.

म्हणून माझं म्हणणं असं, की ‘काय सांगू’ हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि ‘पुन्हा कधी सांगू’ हे आधी ठरव. “मी चार वाजता येते” असं म्हण आणि चारला जा. बातमी नसेल तर जाऊन सांग, की चार वाजले, बातमी नाही, आता सहाला येते. हे ऐकायला फार साधं वाटतं. पण बहुतेक माणसं इथेच कच खातात. सांगण्यासारखं काही नाही म्हणून आपण त्या खोलीत जायचंच टाळतो, आणि आतल्या माणसाला वाटतं, नक्की काहीतरी लपवतायत. जिवाला टांगणी लागलेल्या माणसाला घड्याळाचा आधार लागतो. तुझ्या चारच्या आणि सहाच्या फेरीमध्ये तो माणूस चहा पिऊ शकतो, घरच्यांना फोन करू शकतो, क्वचित डोळा मिटू शकतो. तू वेळ दिली नाहीस, तर तो दाराकडे बघतच बसेल.

आणि ड्यूटी संपली की पुढच्या माणसाला त्या कुटुंबाशी भेट घालून दे. आपण नुसतं निघून जातो, ते बरं नव्हे.

नावांचं बोलायचं राहिलं. ग्रेनफेलमध्ये मोरोक्को, इरिट्रिया, इथिओपिया, सिरिया, बांगलादेश, इटली, पोर्तुगाल, कुठकुठली माणसं राहत होती. पाहुणे होते, पोटभाडेकरू होते, रमजान असल्यामुळे सहेरीसाठी काही घरं जागी होती. आत नेमके किती होते, याची पक्की यादी कोणाकडेच नव्हती. पोलिसांकडे एका टप्प्यावर सुमारे ४०० नावं बेपत्ता म्हणून जमली, आणि एकाच व्यक्तीची नोंद ४६ वेळा झाली होती. शेजारी एक नाव सांगतो, मावशी दुसरं, शाळेत तिसरं, आणि प्रत्येक जण त्याचं स्पेलिंग आपल्या कानाने करतो. तू तुझ्या वहीत नाव आधी देवनागरीत लिही, त्यांनी उच्चारलं तसंच. आपल्या लिपीत ते बरंच जसंच्या तसं उतरतं. मग पासपोर्टवरचं स्पेलिंग मागून घे, घरचं हाक मारायचं नावही विचार. आणि ‘होता’ की ‘आहे’, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तू ‘होता’ म्हणू नकोस. हे सगळ्यात आधी पाळ, कारण क्रियापदातली ही चूक घरच्यांच्या कानातून वर्षानुवर्षं जात नाही.

ओळख पटवण्याला वेळ का लागतो, हे तुला नीट माहीत हवं, कारण लोक तुझ्यावरच चिडतील. एवढ्या आगीनंतर चेहरा पाहून ओळखणं शक्य नसतं, आणि शक्य वाटलं तरी ते मान्य करत नाहीत, कारण चुकीचं माणूस चुकीच्या घरी जाऊ शकतं. बोटांचे ठसे, दात, डीएनए, यांतलं काहीतरी जुळावं लागतं. ग्रेनफेलमध्ये मजल्यामजल्यावरची राख हाताने चाळली गेली. शेवटची ओळख पटल्याचं पोलिसांनी नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं, म्हणजे पाच महिन्यांनी. तेव्हा आकडा ८० वरून ७१ वर उतरला होता, त्यात जन्माआधीच गेलेलं एक बाळ होतं. हॉस्पिटलात असलेल्या एक बाई जानेवारीत गेल्या आणि ७२ झाले. माझ्या मांडीवर तेव्हा धाकटीची मुलगी असायची. त्या बाळाबद्दल वाचलं त्या दिवशी मी तिला खाली ठेवलीच नाही.

त्या पाच महिन्यांत घरच्यांनी काय करायचं? मयत लवकरात लवकर दफन करावी, असं मानणारी कितीतरी कुटुंबं त्यांत होती. आपल्याकडे असतं तर सुतक धरायचं की नाही, दिवस कधीपासून मोजायचे, देवापुढे दिवा लावायचा तो कशासाठी, यावर घरात भांडणं झाली असती. मी ती पाहिली आहेत. सून म्हणते पांढरं नेसणार नाही, सासू म्हणते मंगळसूत्र काढ. अशा वेळी तू कोणाची बाजू घेऊ नकोस. फार तर त्यांच्या इमामाला, फादरना, भटजींना बोलावू का, एवढं विचार.

डीएनएसाठी नमुना मागायची वेळ येते, तो क्षण फार जपून हाताळ. एरवी टूथब्रश, कंगवा मागतात. पण आगीत घरच जळलेलं असतं, म्हणून आईच्या किंवा भावाच्या गालाच्या आतून कापसाने घेतात. ज्या घडीला तू ते म्हणतेस, त्या घडीला त्यांना कळतं. उभ्याने, कॉरिडॉरमध्ये सांगू नकोस. बसव, पाणी दे, एका वाक्यात सांग आणि गप्प बस. आपल्याला शांतता सोसत नाही म्हणून आपण बडबडतो.

आता सगळ्यात अवघड. तुला कोणीतरी भेटेल ज्याने त्या रात्री आतल्या माणसाशी फोनवर बोलताना सांगितलं असेल, “बाहेर येऊ नकोस.” ग्रेनफेलमध्ये असे पुष्कळ होते. अग्निशमन दलाला पहिला फोन रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी गेला, चौथ्या मजल्यावर फ्रिजपाशी आग लागली होती. उंच इमारतींसाठी तिथला नियमच होता, की आग आपल्या घरात नसेल तर दार बंद करून घरातच थांबायचं. काँक्रीटचा प्रत्येक फ्लॅट म्हणजे बंद पेटी, आग पुढे सरकणार नाही, हे त्यामागचं गणित. पण २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात बाहेरून जे पत्रे बसवले होते, त्यांच्या पोटात पॉलिथिलीन, म्हणजे सहज पेटणारं प्लॅस्टिक होतं. दीडच्या सुमारास ज्वाळा वरपर्यंत पोहोचल्या होत्या. ‘थांबा’ हा सल्ला अधिकृतपणे मागे घेतला गेला २ वाजून ४७ मिनिटांनी. चौकशीचा निष्कर्ष असा, की तो दीड ते एक पन्नासच्या दरम्यानच बदलायला हवा होता. जिनाही एकच. मधल्या त्या तासाभरात आया, भाऊ, मैत्रिणी फोनवर सांगत होत्या, दार बंद ठेव, फटीत ओला टॉवेल लाव, अग्निशमनवाले येतायत.

त्या माणसाला पहिल्या दिवशी हा हिशोब ऐकवू नकोस. तो फोन तो तुला दहा वेळा सांगेल, शब्द न् शब्द, मध्ये लाइन कशी तुटली तेही. दहाही वेळा ऐक. नंतर कधीतरी, आठवड्यांनी, महिन्यांनी तो सरळ विचारेल, “मीच मारलं का?” तेव्हा ‘छे, असं मनात आणू नका’ म्हणून मोडीत काढू नकोस. तेव्हा हे आकडे उपयोगी पडतात : एक तीस, दोन सत्तेचाळीस. अग्निशमन दल जे सांगत होतं, तेच त्याने सांगितलं, हे त्याला कागदावर दाखव. माझ्या सांत्वनाने कोणाचा अपराधभाव गेल्याचं मी पाहिलं नाही. कागद पाहून थोडा हलका झाल्याचं मात्र पाहिलं आहे.

चौकशीचं कामकाज २०१८ च्या मे महिन्यात सुरू झालं, ते मृतांच्या आठवणींपासून. घरच्यांना हवा तेवढा वेळ बोलू दिलं. ते रेकॉर्डिंग तू बघ, पण एका बैठकीत बघू नकोस. आणि दर वर्षी १४ जूनला तिथे मूक पदयात्रा निघते, हिरवी मफलर घालून लोक निघतात. जायचं असेल तर एकदा ऑफिसातल्या कोणाबरोबर जा, मागे चाल, फोटो काढू नकोस.

तुझी लोकरीची टोपी माझ्याकडेच राहिलीय, शेजारच्या कुलकर्ण्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. मेथीचे लाडू करायला सांगितलेत, ते खा, कडू लागले तरी. आणि रविवारी चारला फोन करते म्हणालीस, ते चार तुझे की माझे, तेवढं कळव. मी फोनजवळ बसलेली असेन.

तुझी,
बाई