पाण्यातल्या लाकडावरची बुरशी गोळा करणार असशील तर

आधी हे ठरव की तुला म्हादईच्या वरच्या आणि खालच्या भागांची तुलना करायचीय का वेगवेगळ्या लाकडांची, कारण वर जंगलातली कुठलीतरी फांदी आणि खाली पणजीकडे कांदळवनातलं खोड उचललंस तर फरक नेमका कशाने पडला ते कळणारच नाही. त्यापेक्षा एकाच झाडाचे सारखे तुकडे कापून नायलॉनच्या दोरीने सगळ्या ठिकाणी बांध, सोबत तिथली पडलेली लाकडंही घे. म्हादईचंच बघ ना, वर सावलीतला खळाळता ओढा, ऑक्सिजन भरपूर, तिथल्या फेसाचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरलास की चार हातांचे स्पोअर (बुरशीचे बीजाणू) दिसतात, इन्गोल्ड या बुरशीशास्त्रज्ञाने 1942 मध्ये ज्यांच्यावर लिहिलं तेच (हे पानांवर जास्त, पण लाकडावरही). खाली खारं पाणी शिरलं की बुरशांची मंडळीच बदलते, व्हेरुक्युलिना एनालिया ही कांदळवनातली बुरशी वगैरे. लाकूड नखाने दाबून बघ, वरचा थर भिजलेल्या बिस्किटासारखा दबला तर बहुतेक सॉफ्ट रॉट, म्हणजे बुरशीने लाकूड वरून मऊ पडत कुजणं. घरी धुवून डब्यात ओल्या टिश्यूवर ठेव आणि दोन आठवड्यांत कंटाळून फेकू नकोस हं, काही बुरशा महिन्या-दोन महिन्यांनी स्पोअर धरतात. आणि लेबल पेन्सिलनेच लिही, पेनची शाई पाण्यात जाते.