वाचकांचे प्रश्न : भाच्याचं ॲव्हरेज .२०८, पोरगं संपलं का?

प्रश्न : माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिच्या मुलाला हायस्कूल संपल्या संपल्या बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये (प्रोफेशनल क्लब नवी पोरं निवडतात ते) चौथ्या राउंडला घेतलं, तेव्हा आम्ही इथे नौपाड्यात अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. आता तो १९ चा आहे, शॉर्टस्टॉप खेळतो, यंदा त्याला हाय-ए ला, म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या तीन पायऱ्या खाली, मिडवेस्ट लीगमध्ये टाकलंय आणि तिथे बॅटिंग पार झोपलीये. २५० ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या पाळ्या) ५२ हिट (मारून सुखरूप बेसवर पोचणं), म्हणजे ॲव्हरेज .२०८. एप्रिलमध्ये तर दर तिसऱ्या वेळी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) व्हायचा, जूनपासून चारात एकदा वगैरे होतो. मी पहाटे साडेचारला उठून मोबाइलवर मॅच लावतो, परवा चार वेळा आला आणि एक हिट नाही. शेवटच्या वेळी ०-२ (पिचरचे चुकीचे बॉल शून्य, स्ट्राइक दोन) वरून टिकून एकूण नऊ बॉल खेळला, बाहेरचे दोन स्लायडर (वळणारे बॉल) सोडले, तीन फाउल (रेषेबाहेर) मारले, अजून एक सोडला आणि शेवटी जोरात मारलेला बॉल सरळ सेंटर फिल्डरच्या हातात. बहीण म्हणते बास झालं, काढूया आणि कॉलेजला घालूया. मी रणजी बघत वाढलेला माणूस, मला ह्यातलं अर्धंच कळतं. स्पष्ट सांगा, ह्याच्यात काही राहिलंय का?
– एक मामा, नौपाडा, ठाणे

उत्तर : राहिलंय मामा, आणि ते तुमच्याच पत्रात आहे.

आधी त्या .२०८ चं बघू. ५२ च्या जागी ६२ हिट असते तर .२४८ झालं असतं आणि तुम्ही बहुतेक पत्रच लिहिलं नसतंत, २०२४ ला खुद्द मेजर लीगचं ॲव्हरेज .२४३ होतं. म्हणजे सगळा घोर दहा हिटचा, एप्रिलपासून धरलं तर आठवड्याला एक पण नाही. बॉल बॅटला लागून मैदानात गेला की साधारण दहात तीनदा हिट मिळते, बाकी वेळा कोणीतरी अडवतं नाहीतर झेलतं, आणि त्या तीनाचे अडीच व्हायला तीन महिने हा अगदीच छोटा काळ आहे. त्यात मिडवेस्टचा एप्रिल. मिशिगन-विस्कॉन्सिनच्या थंडीत रात्रीच्या मॅचला बोटं बधिर होतात, बॉल लांब जात नाही. आपल्या कांगा लीगमध्ये भर पावसात ओल्या विकेटवर कोणी ३० केले तर जाणकार त्याला नुसते ३० धरत नाहीत, तसंच हे.

दुसरं वय. हाय-ए ला समोर येणारे पिचर बरेचसे २१ ते २३ चे, कॉलेजात दोन-तीन वर्षं टाकून आलेले, आणि तुमचा भाचा गेल्या वर्षीपर्यंत शाळेतल्या पोरांना मारत होता. क्लबने त्याला एक पायरी खाली सिंगल-ए ला ठेवलं असतं तर कदाचित आकडे बरे दिसले असते, घरचेही खूश. तरी वर टाकला म्हणजे त्यांना त्याला अवघड पेपर द्यायचाय आणि तो कसा सोडवतो ते बघायचंय. माइक ट्राउट २०११ मध्ये १९ व्या वर्षीच मेजरला आला तेव्हा ४० मॅचमध्ये .२२० होता, पुढच्याच वर्षी .३२६ आणि ३० होम रन (आपल्या सिक्सरसारखे). ॲरन जज २०१५ ला ट्रिपल-ए मध्ये (मेजरच्या लगेच खालची पायरी) .२२४, २०१६ ला यांकीजकडून ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट आणि .१७९, आणि २०१७ ला ५२ होम रन. पण ही नावं घेऊन मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, कारण .२०८ मारून घरी परतलेल्या पोरांची नावं कोणी लक्षात ठेवत नाही आणि मायनर लीगमधले (मेजरखालच्या पायऱ्यांवरचे) बहुतेक जण मेजरपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून आकडा वाईट असताना आत काय चाललंय ते बघायचं.

आणि इथेच मला तुमची ती नऊ बॉलची गोष्ट फार महत्त्वाची वाटली. १९ चं पोर ०-२ वर असलं की पिचर डोळे मिटून बाहेर जाणारा स्लायडर टाकतो कारण बॅट्समन घाबरून त्याच्या मागे जातोच, एप्रिलमध्ये तुमचा भाचा असाच गेला असणार, दर तिसऱ्या वेळचे ते स्ट्राइकआउट उगाच नाही आले. परवा त्याने असे दोन सोडले. त्याच्यानंतर तीन फाउल मारून टिकला, अजून एक बाहेरचा सोडून ३-२ केलं आणि मग खणखणीत मारला. स्कोअरकार्डवर शून्य, पण क्लबच्या हिटिंग कोचच्या वहीत ही त्या मॅचमधली सगळ्यात चांगली नोंद असेल. तीनात एकवरून चारात एकवर येणं मला तरी ॲव्हरेजपेक्षा कितीतरी जास्त सांगतं, स्ट्राइकआउटच्या आकड्यात नशीब कमी असतं, तो बदलला की शक्यतो पोरगंच बदललेलं असतं.

मग काळजी कशाची करायची? झोनच्या (बॉल स्ट्राइक धरला जातो तो पट्टा) आत आलेल्या साध्या फास्टबॉलवर स्विंग करून तो चुकतोय का, ह्याची. बाहेरच्या बॉलमागे जाणं वयाबरोबर सुटतं, पण मधोमध आलेला बॉलच बॅटला लागत नसेल तर ते दुखणं जुनं होत जातं. हे मोबाइलवर पण दिसतं, ॲव्हरेजची पट्टी न बघता फक्त दोन आठवडे एवढंच बघा. आणि भाच्याला विचारा की बॅटवरून बॉल किती स्पीडने सुटतोय, क्लब ते मोजतात आणि पोरांना माहीत असतं, ताशी १०० मैलांच्या वर अधूनमधून जात असेल तर ताकद येतेय. फिल्डिंग विसरू नका, तो शॉर्टस्टॉपलाच (फिल्डिंगची अवघड जागा) उभा असेल तोवर बॅटिंगला वेळ मिळतो, लेफ्ट फिल्डला हलवला तर तेवढीच सूट बॅटिंगमध्ये मिळणार नाही.

क्लब किती थांबेल? १८ व्या वर्षी साइन केलेल्या पोराला मेजर क्लबच्या ४० जणांच्या रोस्टरवर (यादीत) घ्यायचं की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे चार-पाच वर्षं असतात, आणि चौथ्या राउंडला बोनसचे चांगले पैसे मोजलेत, त्यावर ते एका वाईट सीझनमुळे पाणी सोडणार नाहीत. मात्र पूर्वीसारखी ऐसपैस जागाही राहिली नाहीये, २०२१ ला मेजर क्लबांशी संलग्न मायनर टीम १२० वर आणल्या आणि २०२४ पासून एका क्लबला देशातल्या टीममध्ये मिळून १८० च्या ऐवजी १६५ खेळाडूच ठेवता येतात. पुढच्या वर्षी हाय-ए लाच परत ठेवला तर तो अपमान समजू नका, २० व्या वर्षी ते अगदी नॉर्मल आहे. पण त्या दुसऱ्या वर्षीही तेच स्ट्राइकआउट आणि तेच ॲव्हरेज राहिलं तर मात्र मी तुमच्या बहिणीच्या बाजूने बोलेन.

आता कॉलेजचं. एकदा प्रोफेशनल करार झाला की कॉलेजकडून बेसबॉल खेळता येत नाही, त्यामुळे ‘काढून कॉलेजला घालणं’ म्हणजे बेसबॉल सोडणंच झालं, हे बहिणीला नीट सांगा. शिक्षण मात्र कुठे पळून जात नाही. हायस्कूलमधून साइन केलेल्या बऱ्याच पोरांच्या करारात कॉलेजच्या फीचे पैसे लिहिलेले असतात, खेळ सोडल्यावर साधारण दोन वर्षांच्या आत शिकायला सुरुवात केली तर क्लब ते देतो. ते कलम आहे का, किती रकमेचं आहे, हे मेव्हण्यांना आजच कागद काढून बघायला सांगा, निम्मं टेन्शन तिथेच उतरेल.

आणि एक मनापासून सांगते, फॅमिली ग्रुपवर त्याच्या ॲव्हरेजचे स्क्रीनशॉट टाकणं चालू असेल तर बंद करा. हे पोरगं आठवड्याला सहा मॅच खेळतंय, सोमवारी एक सुट्टी, त्यात बसचा प्रवास, .२०८ हा आकडा रोज स्कोअरबोर्डवर एवढ्या मोठ्या अक्षरात त्याच्या डोळ्यासमोर असतो, तो परत ठाण्याहून यायची गरज नाही. फोन झाला तर त्या नऊ बॉलबद्दल विचारा. सीझन सप्टेंबरात संपेल, तेव्हा जुलै-ऑगस्टचे स्ट्राइकआउट आणि वॉक (चार चुकीचे बॉल सोडून मिळालेला फुकटचा बेस) किती झाले तेवढे कळवा, मग पुढचं बोलू.